न दिसणारे अडथळे : एका सायकल-पलटणीची गोष्ट

सायकलवर निघालेल्या माणसाला समोरचा चढ भिववतो खरा, पण चढ निदान दुरून दिसतो. त्याची तयारी करता येते. आडवाटेवरचे खरे धोके मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. १८९७ साली अमेरिकेतील वीस सैनिकांनी हा धडा सायकलवरून गिरवला. त्यांचा प्रवास पाहताना इतिहासाबरोबर थोडे मृदाशास्त्र आणि रसायनशास्त्रही आपल्या हाती लागते.

त्या काळी आजच्यासारखी सायकल नवीच होती. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'रोव्हर' सायकल इंग्लंडात १८८५ मध्ये आली, तर १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. सायकलला चारा लागत नाही, ती आजारी पडत नाही. मग लष्करात घोड्याऐवजी ती का नको? याचे उत्तर शोधण्याचे काम मोंटाना राज्यातील फोर्ट मिझूला येथे लेफ्टनंट जेम्स मॉस यांनी अंगावर घेतले. त्यांचे सैनिक होते पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय जवान. अमेरिकन लष्करात तेव्हा कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या असत. ही पद्धत मोडण्याचा आदेश निघायला १९४८ साल उजाडावे लागले.

१४ जून १८९७ रोजी ही तुकडी निघाली. सोबत एक डॉक्टर आणि एक वार्ताहर होता. सामानासह एकेका सायकलचे वजन सुमारे २७ किलो भरे. मुक्काम गाठायचा होता सेंट लुई शहरी, म्हणजे सुमारे १९०० मैल (३०५० किलोमीटर) दूर.

सुरुवातीलाच डोंगर ओलांडायचा होता. तो नकाशावर होता, म्हणून अपेक्षितही होता. अपेक्षित नव्हता तो चिखल. तिकडे 'गंबो' म्हणतात ती चिकणमाती कोरडी असताना टणक आणि सायकलला सोयीची. पाऊस पडला की मात्र ती चाकांना लपेटून बसे, चाक आणि चिमटा यांच्यामध्ये गच्च भरे आणि चाक फिरेनासे होई. सैनिकांना उतरून माती खरवडावी लागे, सायकली ढकलाव्या लागत.

असे का होते, हे आपल्याकडच्या काळ्या रानातून पावसाळ्यात सायकल नेणाऱ्याला वेगळे सांगायला नको. अशा मातीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे असतात. त्यांचे कण पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि चिकट होते. आपली काळी माती बसाल्टपासून झाली, तिकडची प्राचीन समुद्रतळावरच्या गाळापासून आणि ज्वालामुखीच्या राखेपासून. जन्म निराळा, पण गुण तोच.

पुढे नेब्रास्कात वाळूच्या टेकड्या लागल्या. त्यांच्यावर गवत वाढलेले असल्याने दुरून ते कुरणच वाटे. पण गाडीवाटेवर गवताचे कवच फुटलेले, त्यामुळे अरुंद टायर वाळूत रुतत. भार तोच, पण तो पेलणारे क्षेत्रफळ लहान, म्हणून दाब जास्त. आजच्या आडवाटेच्या सायकलींचे टायर रुंद आणि कमी हवेचे असतात, ते याच कारणाने. या सैनिकांनी शेवटी रेल्वेमार्ग धरला आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांवरून वाट काढली.

सर्वांत फसवा ठरला तो पाण्याचा धोका. त्या भागातील अनेक तळ्यांतून पाणी बाहेर वाहून जात नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. विरघळलेला क्षार डोळ्यांना दिसत नाही, आणि जुलैच्या उन्हात तहानलेला माणूस चव पाहत बसत नाही. क्षारयुक्त पाण्याने अनेक जण आजारी पडले. खुद्द मॉसही त्यातून सुटले नाहीत. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे पोटॅश बंद झाले, तेव्हा याच प्रदेशातील तळ्यांच्या पाण्यातून ते काढण्यात आले. त्या पाण्यात किती क्षार असतील, याची कल्पना यावरून यावी.

एवढे होऊनही २४ जुलै रोजी तुकडी सेंट लुईला पोचली. एकूण ४१ दिवसांपैकी प्रत्यक्ष प्रवासाचे ३४; म्हणजे दिवसाला सरासरी ५६ मैल, नव्वद किलोमीटर! पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झाले, रेजिमेंट क्यूबाला गेली आणि सायकलचा प्रयोग तिथेच थांबला. सैनिक कमी पडले होते असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहू. दोन सारख्या उंच पेल्यांत सारख्याच उंचीपर्यंत कोरडी, बारीक केलेली काळी माती आणि वाळू घेऊ. दोन्हींत पाणी ओतून दुसऱ्या दिवशी थरांची उंची मोजू. वाळू जवळपास होती तेवढीच राहील. माती वर चढलेली दिसेल. त्या वीस जणांच्या चाकांना कोणी धरून ठेवले होते, हे मुलांना मग आपोआप कळेल.