अण्णांच्या फियाटचा डावा डोळा

मोटारीच्या दिव्यांचा इतिहास रत्नागिरीकराला आंब्याच्या अढीपासूनही सांगता येईल. सुरुवातीच्या मोटारींना विजेचे दिवे नव्हते. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकवायचं, वायू निघाला की पेटवायचा, झाला दिवा. तेच कार्बाइड पुढे आंबा पिकवायला वापरलं गेलं आणि बदनाम झालं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले. मग सगळीकडे बॅटरी, डायनामो आणि वायरींचं राज्य सुरू झालं. सोय झाली खरी, पण एक नवं दुखणंही आलं. कार्बाइडचा दिवा विझला तर पाणी संपलं की खडे, एवढंच बघायचं. वीज मात्र कुठे अडली ते डोळ्यांना दिसत नाही.

माझे काका, म्हणजे अण्णा, यांनी १९६७ सालची फियाट डिलाइट जुनी विकत घेतली होती, कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली. पावसच्या बाजूला आमच्या वाडीत चारचाकी ती एकच. लग्नाचा नवरा, साप चावलेला माणूस आणि आंब्याच्या पेट्या, सगळ्यांना तीच.

१९८३ च्या श्रावणात रात्री दोन वाजता शेजारची वहिनी अडली. मी पुढे बसलो. पाऊस धो धो. गाडीचा डावा दिवा महिनाभर मंद होता, दोनदा बल्ब बदलूनही तसाच. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, म्हणजे गडगा, गटार आणि दरड दाखवायचं काम डाव्याच दिव्याचं. गोळपचा सडा ओलांडताना मी खिडकीतून हात बाहेर काढून टॉर्च धरला होता. एका वळणावर अण्णांनी करकचून ब्रेक दाबला, चाक कडेपासून वीतभर. मागे वहिनीची सासू रामरक्षा म्हणत होती. पोचलो, मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "आता रात्रीची गाडी काढणार नाही. एक दिवस चार जणांना घेऊन खाली जाईन मी." वाडीच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोठी होती.

दुसऱ्या दिवशी शहरात एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना तात्या म्हणत. आम्ही नवी बॅटरी घ्यायच्या तयारीत होतो.

"थांब रे. आधी रेस दे," तात्या म्हणाले. इंजिन वाढवलं तसा उजवा दिवा उजळला, डावा ढिम्म. "म्हणजे डायनामो बरा, बॅटरी बरी. त्यांचं दुखणं असतं तर दोन्ही डोळे मंद दिसले असते. आता डावा इंडिकेटर लाव." इंडिकेटरबरोबर मोठा दिवाही लुकलुकू लागला. तात्या हसले. "अण्णा, हिला अर्थच नाही हो!"

मग बारा व्होल्टच्या बल्बाला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प काढला. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं दिव्याकडे येणाऱ्या वायरीला. लख्ख पेटला. म्हणजे वीज येत होती, परत जायला वाट नव्हती. गाडीत परतीची वायर बॅटरीपर्यंत नेत नाहीत, गाडीचा पत्राच ते काम करतो. तात्यांनी एक सुटी वायर दिव्याच्या अर्थपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला धरली, आणि डावा डोळा खाडकन उघडला.

मडगार्डच्या आतला एक स्क्रू खोलला. थिंबलखाली गंज. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वर खारा वारा, चाकाने उडवलेला तांबडा चिखल. पत्र्याचं काय होणार? पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, नवं थिंबल बसवलं, वरून ग्रीस. पाऊण तास गेला असेल.

पुढे मी हे शिकलो तेव्हा हिशोब कळला. बल्बाला दाब दहा टक्के कमी मिळाला, तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. गंजाचा एवढासा थर, पण रस्ता गिळतो. म्हणूनच जास्त वॅटचा बल्ब हा त्यावर उपाय नव्हे. पंचेचाळीस वॅटच्या जागी शंभरचा लावला की वायरीतून दुपटीहून जास्त अँपिअर जातात आणि जुनी वायर वितळते.

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं रात्री-अपरात्री गाडी काढत राहिले. आता माझ्या गाडीला एलईडी आहेत. तरी मृगाच्या आधी एकदा बॉनेट उघडून अर्थचे स्क्रू खोलतो, घासतो आणि ग्रीस लावून परत आवळतो.