दुष्काळातल्या मुली

पंडिता रमाबाई शिकवताना आम्ही 'शारदा सदन' सांगतो आणि पुढे जातो. केडगाव राहूनच जातं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, सुमारे ३०० उपाशी मुली-विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस. म्हणून त्यांना केडगावला ठेवलं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणल्या. भूक बाईंना ठाऊक होती. आई, वडील, बहीण त्यांनी दुष्काळाच्या हालातच गमावले होते. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या, त्यामुळे मुलींना बाटवल्याचा आरोप झालाच. उपाशी मुलीची संमती ती कसली, हा प्रश्न आम्हालाही पडतो. पण आधी भाकरी त्यांनीच दिली, हेही खरं. पुढे केडगावच्या छापखान्यात रमाबाईंच्या मराठी बायबलचे खिळे या आश्रमातल्या मुलींनीच जुळवले.