ताटातील धान्याचा इतिहास आणि लो-कार्ब आहाराचा प्रश्न

१८६३ मध्ये लंडनमध्ये एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिचे लेखक विल्यम बँटिंग हे वैद्य नव्हते; अंत्यविधींची व्यवस्था पाहणाऱ्या एका प्रतिष्ठित घराण्यातील ते व्यावसायिक होते. पासष्टीच्या सुमारास त्यांचे वजन ९१ किलोंच्या वर गेले होते आणि ऐकूही कमी येऊ लागले होते. कानांच्या तक्रारीसाठी ते विल्यम हार्वे या शल्यविशारदाकडे गेले. यकृतात साखर तयार होते हे दाखवणाऱ्या क्लोद बर्नार यांची व्याख्याने हार्वे यांनी पॅरिसमध्ये ऐकली होती. त्या विचारातून त्यांनी बँटिंग यांना पाव, लोणी, साखर, दूध, बटाटे आणि बिअर शक्य तितके टाळण्यास सांगितले. वर्षभरात त्यांचे वजन सुमारे २१ किलोंनी उतरले. पुस्तिका इतकी गाजली की स्वीडिश भाषेत वजन घटवण्यासाठी पथ्य पाळण्याला त्यांच्या नावावरून ‘बांटा’ हे क्रियापदच रूढ झाले. लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या आहाराची लोकप्रियता येथून सुरू होते.

बँटिंग यांच्यापुढचा प्रश्न भरल्या ताटातून काय वगळावे, हा होता. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी हिंदुस्थानात नेमका उलटा प्रश्न उभा राहिला. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर आली. सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ मध्ये पुरुष मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा इतकी ठरवली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी तिला कडाडून विरोध केला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला किमान दीड पौंड धान्य हवे, आणि नुसत्या धान्याने भागणार नाही, सोबत डाळ आणि भाजीही हवी, असा त्यांचा आग्रह होता. धान्याचे वजन किती, आणि धान्यासोबत काय, हे दोन प्रश्न तेव्हापासून भारतीय आहाराच्या चर्चेत जोडीने येत राहिले.

दुसऱ्या प्रश्नाचा शास्त्रीय शोध निलगिरीतील कुन्नूर येथे सुरू झाला. तेथे १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या अभ्यासासाठी लहानसे केंद्र काढले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील आहार त्यांनी उंदरांच्या गटांना खाऊ घातले. गहू, डाळ, दूध, लोणी आणि भाज्या असलेल्या पंजाबी आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले. मुख्यतः सडीक तांदळाच्या आहारावरील उंदीर सर्वांत खुरटले. याच केंद्राची पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

स्वातंत्र्यानंतर मात्र पहिला प्रश्नच अधिक निकडीचा होता. १९६० च्या दशकात जगभर ‘प्रथिनांच्या तुटवड्या’ची चर्चा होती आणि गरीब देशांना प्रथिनयुक्त कृत्रिम खाद्ये पुरवण्याच्या योजना आखल्या जात होत्या. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्या मताला आव्हान दिले. जागतिक अन्न व कृषी संघटनेत अनेक वर्षे काम केलेल्या सुखात्मे यांचे म्हणणे असे की, खरी उणीव उष्मांकांची आहे. पोट पुरेसे भरले नाही, तर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जळून जातात. धान्य-डाळीचे साधे जेवण पोटभर मिळाले, तर बहुतेकांची प्रथिनांची गरजही भागते. हैदराबादला सी. गोपालन यांचे बालकांच्या कुपोषणावरील काम याच दिशेचे होते.

त्या काळासाठी हा निष्कर्ष योग्य होता. परंतु त्यातील ‘धान्य-डाळ’ या जोडीतील दुसरा शब्द प्रत्यक्षात मागे पडला. हरितक्रांतीने गहू आणि तांदूळ यांना सुधारित बियाणे, पाणी आणि हमखास सरकारी खरेदी दिली. कडधान्ये कोरडवाहू जमिनीतच राहिली. १९५१ मध्ये देशात दरडोई दररोज सुमारे ६१ ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. २००१ मध्ये त्या सुमारे ३० ग्रॅमवर आल्या. दुष्काळाची भीती हटली, ही त्या धोरणाची मोठी कमाई. त्याच वेळी ताट पिष्टमय होत गेले आणि अंगमेहनत घटत गेली.

त्याचे परिणाम शरीरावर कसे दिसतात, हे पुण्यात स्पष्ट झाले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला असे आढळले की, भारतीय नवजात बालके वजनाने कमी असली, तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा भारतीय माणसाला खोटा दिलासा देऊ शकतो, हे या एका तुलनेने सांगितले.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणानुसार, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात देशात १०.१ कोटी मधुमेही होते. याच सर्वेक्षणाचा आहारविषयक भाग २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि जास्त कर्बोदके खाणाऱ्यांत मधुमेह व स्थूलता अधिक आढळते, असे त्यात दिसले. भाताऐवजी तितकीच चपाती किंवा भाकरी खाल्ल्याने धोका घटल्याचे आढळले नाही. कर्बोदकांतील काही वाटा वनस्पतिजन्य किंवा दुधातील प्रथिनांकडे वळवल्यास मात्र तो कमी दिसला. सर्वेक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

मग बँटिंग यांचा मार्ग पत्करावा काय? लो-कार्ब आहाराने पहिल्या आठवड्यांत वजन झपाट्याने उतरते, याचे एक कारण पाणी हे आहे. शरीरातील ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. साठा संपला की ते निघून जाते. चरबी त्यानंतर हळूहळू घटते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६०९ प्रौढांना एक वर्ष कमी कर्बोदकांचा किंवा कमी स्निग्धांचा आहार दिला गेला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलोंनी, तर दुसऱ्याचे ५.३ किलोंनी घटले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा नव्हता. दोन्ही गटांना साखर व मैदा टाळून भाज्या वाढवण्यास सांगितले होते. त्याच वर्षी ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील विश्लेषणात मृत्युदर सर्वांत कमी आढळला, तो कर्बोदके ५० ते ५५ टक्के असणाऱ्यांत. कर्बोदके फार कमी करून त्या जागी मांस वाढवणाऱ्यांत तो जास्त होता. वनस्पतिजन्य प्रथिने व स्निग्धे घेणाऱ्यांत कमी.

म्हणजे कर्बोदकांत बेताची कपात हितकर ठरू शकते. ती कितपत हितकर, हे रिकाम्या जागी काय येते यावर अवलंबून आहे. टोकाचे पथ्य फार काळ निभत नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने भात-पोळी एकाएकी सोडली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून असा बदल वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार तृणधान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक उष्मांक येऊ नयेत. उरलेला वाटा डाळी, दूध, भाज्या, फळे आणि सुकामेवा यांनी भरून काढावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मात्र बहुतेक लाभार्थ्यांना दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला आहे, डाळीचा नाही. ज्या घरात स्वस्त धान्यावरच महिना निभतो, तेथे ‘भात कमी करा’ हा सल्ला डाळ परवडल्याशिवाय पाळता येत नाही. कॉर्निश यांनी १८७७ मध्ये धान्यासोबत मागितलेली डाळ आणि भाजी आजही त्या ताटापर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही.