सायलेन्सरमधली फुंकणी

अमरावती आणि अकोल्याच्या दुचाकी गॅरेजांत एक तक्रार नेहमीची आहे : उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सर फटफट वाजतो. त्यावर एक उपायही रुळला आहे. इंजिनाच्या डोक्यात जाणारी बोटभर जाडीची एक नळी काढायची, भोक बुजवायचे आणि गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. आवाज थांबतो. मिस्त्री सांगतो, ‘कामाची नव्हती ती, नुसती हवा जायची तिच्यातून.’ हे बोलणे अर्धे खरे आहे. तिच्यातून नुसती हवाच जाते. पण ती हवा तिथे का जाते, हे समजून घ्यायचे तर साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकी स्पोर्ट्स कारपर्यंत मागे जावे लागते.

आधी तत्त्व पाहू. वऱ्हाडातल्या चुलीत ओल्या पऱ्हाट्या घातल्या की घरभर धूर होतो. हा धूर म्हणजे जळायचे राहून गेलेले सरपण. फुंकणीने वारा घातला की तोच धूर पेट घेतो आणि डोळ्यांची आग थांबते. पेट्रोल इंजिनातही सगळे इंधन जळत नाही. उरलेले हायड्रोकार्बन आणि अर्धवट ज्वलनातून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. त्या क्षणी तो वायू अतिशय तप्त असतो. कमी असतो तो प्राणवायू. नेमक्या त्याच जागी ताजी हवा सोडली, तर राहिलेले ज्वलन सायलेन्सरच्या वाटेवर पुरे होते. एअर पंप म्हणजे इंजिनाची फुंकणी.

ही फुंकणी लॉस एंजलिसच्या धुरक्यातून जन्माला आली. १९४३च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके उतरले आणि सुरुवातीला संशय एका रसायन कारखान्यावर गेला. अननसाच्या गंधाचा अभ्यास करणारे कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी खरे कारण दाखवले : न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते. पुढे कॅलिफोर्नियाने १९६६च्या मॉडेलपासून मोटारींच्या धुरावर मर्यादा घातली : हायड्रोकार्बन दहा लाख भागांत २७५ आणि कार्बन मोनॉक्साइड दीड टक्का. दोन वर्षांनी साऱ्या अमेरिकेत अशी बंधने आली.

जनरल मोटर्सने यासाठी ‘एअर इंजेक्शन रिअ‍ॅक्टर’ ही योजना आणली आणि १९६६मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या कॉर्व्हेटवर ती बसवली. अमेरिकेत जाणाऱ्या ब्रिटिश एमजीबीवर १९६८च्या मॉडेलपासून असाच पंप आला. पट्ट्यावर फिरणारा पंप, हवेची नळी, तप्त वायू उलट पंपात शिरू नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह आणि सिलिंडर हेडमध्ये चार भोके. पाय अचानक उचलला की इंजिनात क्षणभर पेट्रोल जास्त आणि हवा कमी अशी स्थिती होते. ते पेट्रोल पुढे पंपाच्या हवेशी गाठ पडून फटका मारते. तो टाळायला इनटेकमध्ये जादा हवा सोडणारा ‘गल्प व्हॉल्व्ह’ दिलेला होता. म्हणजे अकोल्यातल्या गिऱ्हाइकाची तक्रार एमजीबीच्या अभियंत्यांनी आधीच ओळखली होती.

तरीही हौशी मालकांनी हे पंप काढले आणि हेडमधली भोके स्क्रूने बुजवली. पंप इंजिनाची ताकद खातो, असे ते म्हणत. वस्तुतः पंपाला लागणारी शक्ती अल्प होती. ताकद घटली ती त्याच काळातल्या इतर बदलांमुळे : कॉम्प्रेशन कमी झाले, ठिणगी उशिरा पडू लागली, आणि १९७५च्या सुमारास अमेरिकी एमजीबीचे दोन कार्ब्युरेटर जाऊन एकच राहिला. शिवाय १९७२पासून अमेरिकी कंपन्या अश्वशक्ती नव्या पद्धतीने मोजू लागल्या, त्यामुळे कागदावरचे आकडेही खाली आले. पण हे बदल डोळ्यांना दिसत नव्हते. पंप दिसत होता, घरघरत होता, म्हणून दोष त्याच्या माथी आला.

आपल्याकडे ही फुंकणी पंपाशिवाय आली. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनंतर मर्यादा क्रमाने कडक होत गेल्या. दुचाकीला दर किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइडची मुभा १९९६मध्ये ४.५ ग्रॅम होती. ती २०००मध्ये २, २००५मध्ये १.५ आणि २०१०मध्ये १ ग्रॅमवर आली. स्वस्त दुचाकीवर पट्ट्याचा पंप परवडणारा नव्हता. मात्र एक्झॉस्टचा प्रत्येक झोत निघून गेला की नळीत क्षणभर दाब कमी होतो. पातळ पत्तीचा व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडतो आणि बाहेरची गाळलेली हवा आत ओढली जाते. ही ‘सेकंडरी एअर’ योजना अनेक भारतीय मोटारसायकलींवर बसली. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर हवा बंद व्हावी म्हणून इनटेकपासून एक बारीक रबरी नळी या व्हॉल्व्हला जोडलेली असते. उष्णतेने रबर कडक होऊन चिरले, की हवा बंद होत नाही आणि सायलेन्सर वाजू लागतो. पुष्कळदा दुखणे या बारीक नळीचे असते आणि काढली जाते ती मोठी नळी. मायलेजही त्याने वाढत नाही, कारण ही हवा इंधन सिलिंडरमधून बाहेर पडल्यानंतर मिसळते.

मग पीयूसीच्या तपासणीत हे उघडे का पडत नाही? तिथे गाडी उभी असताना धुरातले वायूंचे प्रमाण मोजतात. २०००नंतरच्या जुन्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के, म्हणजे सैल आहे. नळी काढलेली गाडीही तीत बसू शकते. शिवाय टक्केवारीला आणखी एक मेख आहे. जादा हवेने धूर पातळ झाला तरी टक्का उतरतो, मग ज्वलन झालेले असो वा नसो. खरा हिशेब किलोमीटरमागच्या ग्रॅमचा. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून होतो, कारण हवा कितीही मिसळली तरी विषाचे वजन बदलत नाही. पण तिथे गाडीचा नवा नमुना जातो, गल्लीतली दहा वर्षांची गाडी कधीच जात नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालते. पण ते पाळले जाते की नाही, हे बोटभर नळीपर्यंत वाकून कोण पाहणार?

२०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे आहेत. तिथला मुख्य निकष धुळीच्या कणांचा. ती धूळ या नळीने हटणार नाही. पण राजकमल चौकात किंवा अशोक वाटिकेजवळ सिग्नलला थांबलेल्या शंभर गाड्यांमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. तो घेणारे ठरलेले आहेत : दिवसभर उभा असलेला वाहतूक पोलीस, हातगाडीवाला, ऑटोरिक्षावाला. कॉर्व्हेटच्या मालकाला पंपाचा उपयोग जाणवला नाही, कारण उपयोग त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला होत होता. वऱ्हाडातल्या मिस्त्रीला नळी निरुपयोगी वाटते तीही याच कारणाने. त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून येतो तो गाडीचा मालक. चौकातला हातगाडीवाला कधी तक्रार घेऊन येत नाही. ती बारीक रबरी नळी बदलली, तर आवाजही थांबतो आणि फुंकणीही चालू राहते.