हृदयाची झडप बदलताना भूल किती द्यावी?

उतारवयात महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियमचे थर साचून ती ताठर व अरुंद होते. धाप लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे. छाती न उघडता जांघेतील रक्तवाहिनीतून नळी सरकवून नवी झडप बसविण्याची पद्धत ‘टावी’ या नावाने ओळखली जाते. फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी ती प्रथम केली आणि तीही स्थानिक भूल व सौम्य गुंगीखाली. पुढे मात्र जाड नळ्या आणि अन्ननलिकेतून करावयाची सोनोग्राफी यांमुळे संपूर्ण भूल रूढ झाली. नळ्या बारीक होत गेल्या तसा गुंगीचा पर्याय पुन्हा पुढे आला.

या रुग्णांत भूल देणे नाजूक असते. अरुंद झडपेमुळे हृदय आधीच जोर लावीत असते. त्यात रक्तदाब घसरला तर हृदयाच्या स्नायूंनाच रक्त अपुरे पडते. प्रोपोफॉलने दाब उतरतो, डेक्समेडेटोमिडीनने नाडी मंदावते, मिडॅझोलॅमने वृद्धांना भ्रम होऊ शकतो. म्हणजे गुंगी ‘हलकी’ म्हणून निर्धोक, असे नव्हे. श्वास उथळ होण्याचा धोका तीतही असतोच.

अमेरिकेतील १०,९९७ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंगी दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. परंतु गुंगीसाठी मुळातच धडधाकट रुग्ण निवडले जात असावेत, ही शंका अशा आकड्यांबाबत राहतेच. जर्मनीतील ‘सॉल्व्ह-टावी’ चाचणीत ४४७ रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे झाली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ३० दिवसांतील मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, जंतुसंसर्ग व मूत्रपिंडाची इजा यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. रक्तदाब टिकविणारी औषधे मात्र गुंगीच्या गटात कमी लागली. जीव वाचविण्यात गुंगी सरस ठरते, असा दावा त्यामुळे टिकत नाही. तिचा लाभ आहे तो रुग्ण लवकर सावरण्यात.

आडवे झोपताच धाप लागणारा, अतिशय घाबरलेला किंवा स्वस्थ पडून राहू न शकणारा रुग्ण असेल, तर संपूर्ण भूल अधिक योग्य. अमेरिकी नोंदींत गुंगीने सुरुवात केलेल्या सुमारे ६ टक्के रुग्णांना ऐन वेळी संपूर्ण भूल द्यावी लागली. म्हणूनच गुंगी ठरली असली तरी रुग्णास उपाशी ठेवतात आणि भूलतज्ज्ञ शेजारी हजर असतो.