गुसाडीचा वेश

गोंड समाजाच्या दंडारी नृत्यात गुसाडी म्हणून नाचणाऱ्या पुरुषांचा, घरी तयार केलेला वेश. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला माणिकगडच्या डोंगराळ भागात, म्हणजे राजुरा, कोरपना व जिवती या तालुक्यांत, आणि लगतच्या तेलंगणातील आदिलाबाद व कुमुरम भीम आसिफाबाद या जिल्ह्यांत तो दिसतो. जुना राजुरा तालुका निजामी राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याचा. 1956 मध्ये तो नांदेडला आणि 1959 मध्ये चंद्रपूरला, तेव्हाच्या चांद्याला, जोडला गेला. सीमा मागाहून आली, सोयरिकी तिच्या आधीपासूनच्या. जिवती तालुक्यातील 14 गावांवर आजही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. अशा मुलखात हा वेश मराठी की तेलंगी, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही.

कोजागिरीच्या सुमारास भोगीच्या विधीने दंडारी सुरू होते आणि दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या आगेमागे, कोलाबोडी या समारोपाच्या विधीने संपते. वेश आणि वाद्ये यांची पूजा झाल्याशिवाय कोणी नाचत नाही. मधल्या काळात एका गावचे पथक दुसऱ्या गावी, बहुधा जिथे लग्नसंबंध जुळू शकतात अशा गावी, पाहुणे म्हणून जाते. गुसाडी झालेला पुरुष या दिवसांत आंघोळ करत नाही आणि अंगावरची राख धुवत नाही. त्याच्यात देवाचा वास आहे असे मानतात. एत्मासूर हे या उत्सवाचे दैवत. वेशाची घडण या नियमांच्या पोटातून आली आहे. कित्येक दिवस अंगावर राहणारा, धुळीत आणि घामात टिकणारा हा वेश शिवण्यापेक्षा बांधून, गुंफून आणि माखून केलेला असतो. सुईदोऱ्याचे काम त्यात थोडे, सुतळीच्या गाठींचे जास्त.

वेशाचा मुख्य भाग म्हणजे मोरपिसांचा टोप. गोंडीत त्याला मलबूरा म्हणतात. पिसांचे देठ एकाशी एक घट्ट बांधून त्यांचा भरगच्च घेर करतात. डोळे बाहेरच्या बाजूला येतात आणि पिसे चहूबाजूंनी खाली झुकतात. बुडाशी कापडाचा पट्टा येतो. दोन्ही अंगांना मेंढ्याची किंवा बोकडाची शिंगे बसवतात. पट्ट्यावर आरशाचे तुकडे, चमकी, रंगीत जर, मण्यांच्या सरी असे जे हाताशी असेल ते टाकतात. सजावटीचा कडक नियम इथेच सैल होतो, आणि ज्याच्या त्याच्या घरची आवड टोपावर दिसते.

पिसांचा हंगामही सणाशी जुळतो. विणीचा काळ सरला की पावसाळ्याच्या शेवटी मोर आपला पिसारा गाळतो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दंडारी येते. एका मोराच्या पिसाऱ्यात साधारण 150 ते 200 पिसे असतात. भरदार टोपाला शेकडो लागतात, त्यामुळे एका मोराच्या गळतीवर तो उभा राहत नाही. पिसांना कसर लागते, डोळे झडतात, देठ मोडतात. म्हणून नवा टोप करण्याइतकेच जुन्याची डागडुजी करणे हेही इथले काम आहे.

बाकीचा वेश टोपाच्या मानाने साधा. कमरेला आखूड वस्त्र, उघड्या अंगावर राखेचे पट्टे व ठिपके, चेहऱ्यावर काजळी, प्राण्यांच्या केसांची खोटी दाढीमिशी, गळ्यात मणी, कवड्या व रुद्राक्षांच्या माळा, खांद्यावरून कातडे आणि हातात दंडा. शोभा आणि धाक दोन्ही त्यात आहेत. गुसाडी थट्टामस्करीही करतो, पण लोक त्याच्या पाया पडतात.

कमरेला आणि पायांत घुंगरे बांधतात. घरी न होणारी वस्तू बहुतेक हीच. आदिलाबादकडचे ओझा किंवा वोज कारागीर मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी पितळ ओतून घंटा, घुंगरे व मूर्ती घडवतात. त्यांच्या या डोकरा कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वजन कमरेवर ठेवून हालचाल ऐकू यावी ही युक्ती जगात इतरत्रही सापडते. कैरोच्या रंगमंचावर 1920 च्या दशकापासून रुळलेल्या बेली डान्सच्या पोशाखातही मणी आणि नाण्यांचे झुबके लावलेला पट्टा कमरेखालीच बसतो. तिथे तो प्रेक्षकाची नजर कमरेकडे नेतो. इथे ढोलाच्या ठेक्याला जोड देतो.

दंडारीत मुलींच्या वेशात नाचणारी तरुण मुलेही असतात. त्यांना पोरिक म्हणतात. त्यांच्या साड्या घरातल्याच, नेसवायला घरातल्याच बायका. गुसाडीच्या तुलनेत त्यांच्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष कमी जाते. खरे तर कापडाचे आणि शिवणाचे बहुतेक काम यांच्याच वेशात असते.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 याने या वेशाचे साहित्य दोन भागांत वाटले. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरी त्याची आपोआप गळलेली पिसे बाळगायला व देशात विकायला मुभा आहे. हरणाच्या कातड्याला तशी सूट नाही. त्यामुळे खांद्यावरच्या हरणाच्या कातड्याची जागा बकऱ्याच्या कातड्याने घेतली. जंगलाशेजारी राहणाऱ्यांच्या वेशावर कायद्याचा हात असा थेट पडतो, ही गोष्ट पोशाखाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

गोंड नेते कुमुरम भीम यांच्या 1940 च्या उठावानंतर निजाम सरकारने ज्यांना या भागात अभ्यासासाठी पाठवले, ते मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ मार्लवाई गावी राहिले. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच मार्लवाईचे कनक राजू यांनी 1981 मध्ये दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात गुसाडी नाचवला. त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. संचलनात किंवा सरकारी महोत्सवात नाचताना वेश तोच असला, तरी आंघोळ न करण्याचे दिवस, पाहुणचार आणि कोलाबोडी मागे राहतात.

गुसाडीची दंडारी आणि झाडीपट्टीची दंडार यांत गल्लत होते, ती टाळावी. दंडार हा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पट्ट्यातील लोकनाट्याचा प्रकार. तीतही पूर्वी स्त्रीभूमिका पुरुषच करत. पुढे याच भागात झाडीपट्टी रंगभूमी बहरली. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिचे केंद्र. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात. या रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र नाटकाचा पोशाख प्रयोगापुरता असतो. मंडळी तो मंचाच्या आणि दिव्यांच्या सामानाबरोबर आणते आणि पहाटे गाडीत भरून पुढच्या गावी नेते. गुसाडीचा टोप भाड्याने मिळत नाही.