अठरा वर्षांच्या मुलाचा करारनामा

मंडळी, आजचा विषय पाहून काहींना वाटलं असेल की भंडाऱ्यात बसून अमेरिकेतल्या बॉक्सरचा करार कशाला उकरायचा? कारण साधं आहे. ठेका आणि करार हे शब्द आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. तेंदूपत्ता असो, तळ्यातली मासोळी असो की विडी, इथल्या कितीतरी घरांची चूल कुणाच्या तरी ठेक्यावर पेटत आली आहे. म्हणून कागदावर काय लिहिलेलं असतं, ते नीट पाहू या.

साल १९६०. लुईव्हिल गावातला कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, रोम ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन सप्टेंबरमध्ये घरी आला. वय अठरा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवणारे. गावात गोरे आणि काळे यांची हॉटेलं वेगळी. २६ ऑक्टोबरला त्यानं गावातल्या श्रीमंतांच्या एका गटाशी सहा वर्षांचा करार केला. गटात अकरा जण, सगळे गोरे. मुलगा कायद्यानं अज्ञान, म्हणून आईवडिलांच्याही सह्या घेतल्या. तीनच दिवसांनी त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली.

आता कलमं पाहा. सहीच्या वेळी दहा हजार डॉलर रोख. पहिली दोन वर्षं वर्षाला चार हजारांची हमी, म्हणजे महिन्याला साधारण ३३३ डॉलर. पुढं वर्षाला सहा हजार. कमाई सुरुवातीला निम्मी-निम्मी. प्रशिक्षक, प्रवास, सराव हा सगळा खर्च गटाचा. आणि मुलाच्या कमाईतले पंधरा टक्के बाजूला ठेवायचे. वयाच्या पस्तिशीपर्यंत किंवा निवृत्त होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

हे शेवटचं कलम का आलं असेल? त्याच्या आधीचा मोठा विजेता जो लुई. लाखो डॉलर कमावूनही आयकराच्या थकबाकीनं तो कंगाल झाला, हे सगळ्या अमेरिकेनं पाहिलं होतं. त्या मानानं हा करार बरा होता, असं आमचं मत आहे. पण निम्मी कमाई ही थोडी नव्हे. ठोसे खाणारा एक आणि वाटा घेणारे अकरा, हेही खरंच. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी: मुलगा हरला असता तर झालेला खर्च गटाचा बुडाला असता. १९६४ साली त्यानं सनी लिस्टनला हरवलं, धर्म आणि नाव बदलल्याचं जाहीर केलं. कराराचा हक्क त्याच्या लढतींवर होता, त्याच्या मनावर नव्हता. १९६६ मध्ये मुदत संपली आणि तो आपल्या वाटेनं गेला.

आता आपल्याकडे या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि परत आल्यावर कुस्त्या खेळून गुरूचं कर्ज फेडलं. इथं पैलवानाच्या कमाईत कुणाचा वाटा नव्हता. गहाणखत होतं, पण ते दुसऱ्याच्या घराचं. खर्डेकर थोर होतेच. पण दर वेळी खर्डेकर कुठून आणायचे?

तिसरा व्यवहार आपल्या दारातला. गोंदिया वेगळा व्हायच्या आधी, म्हणजे १९९९ पर्यंत, आपला जिल्हा एकच होता आणि विड्यांसाठी नावाजलेला होता. बाई घरी पानं कापायची, विड्या वळायची, आणि ठेकेदार त्यातला काही माल ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. छाटाची मजुरी मिळत नसे. म्हणजे नुकसानीचा सगळा भार सर्वात गरीब माणसावर, आणि तोही बहुतेक वेळा तोंडी. अलीचा करार संपला त्याच १९६६ साली विडी व सिगार कामगार कायदा झाला. घरी बसून वळणारी बाईही कामगार ठरली आणि पुढं नियमांत छाटाला मर्यादा आली.

तीन व्यवहार, पण विचारायचा प्रश्न एकच: बुडालं तर कुणाचं बुडणार? लुईव्हिलमध्ये गटाचं. कोल्हापुरात प्राचार्यांचं घर. आपल्या विडीच्या सुपात मात्र वळणारीचंच.

आज तुमच्या-आमच्या गावची पोरं कबड्डीत, धावण्यात, बॉक्सिंगमध्ये पुढं येताहेत. उद्या कुणीतरी कागद घेऊन घरी येईल, पोरगा किंवा पोरगी अज्ञान असेल, आणि सही तुमची लागेल. पेढा खाण्याआधी चार गोष्टी वाचा. मुदत किती? वाटा किती? खर्च कुणाचा? आणि पाय मोडला तर पुढं काय? चौथ्याचं उत्तर कागदावर नसेल, तर पेन खिशातच राहू द्या.